२६ बिडं टाकली, उत्तर एकही नाही. फ्रीलान्सिंगच्या साइटवर पहिलं काम मिळतं तरी कसं?

शाईचं_बोट | ६ जून २०२४, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगलीत एका ऑफसेट प्रेसमध्ये चौदा वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, करतेय. पेजमेकरवर शिकले, मग कोरल, आता इनडिझाइन. लग्नपत्रिका, गणपतीची पावती पुस्तकं, हळदीच्या पिशव्यांवरचं मॅटर, दोन दिवाळी अंक. त्यातला एक दिवाळी अंक बंद पडला, पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या, आणि एप्रिलपासून मालकांनी मला अर्धा दिवस केलंय. पगारही अर्धा, हे वेगळं सांगायला नको.

भाचा म्हणाला, मावशी, अपवर्कवर प्रोफाइल कर, घरबसल्या डॉलर मिळतात. केलं. फोटो, आधार, पॅन, सगळं झालं. दीड महिन्यात २६ बिडं, म्हणजे कामासाठीचे अर्ज, टाकली. डेटा एंट्री, पीडीएफचं वर्ड करणं, टायपिंग, लोगो, जे दिसेल ते. दर ठेवलाय तासाला ३ डॉलर, त्याच्या खाली साइट जाऊच देत नाही. उत्तर शून्य. एकाने नुसतं ‘हाय’ म्हटलं आणि गायब झाला. बिड टाकायला ते कनेक्ट्स लागतात, फुकटचे संपले की विकत घ्यावे लागतात. आजवर साधारण साडेतीन हजार रुपये त्यात गेले. घरी आकडा सांगितलेला नाही.

माझं काय चुकतंय? की हे आपल्यासारख्यांचं कामच नव्हे?

---

खवचट_खान | ६ जून, रात्री ११:१५

लिलाव आहे तो ताई, फक्त उलटा. जो सगळ्यात खाली जाईल त्याचा. पाच डॉलरला लोगो करून देणारे बसलेत तिथे. साडेतीन हजार गेले म्हणा आणि सोडून द्या.

---

रात्रपाळी | ७ जून, पहाटे १:४०

खानसाहेबांचा राग समजू शकतो, पण मी याच लिलावावर नाशकात घर चालवतोय, त्यामुळे थोडं लिहितो.

२००९ साली ईलान्सवर सुरुवात केली होती. तेव्हा ईलान्स वेगळं, ओडेस्क वेगळं. २०१३ च्या डिसेंबरात दोघांचं एकत्र यायचं ठरलं आणि २०१५ मध्ये नाव झालं अपवर्क. म्हणजे मी ज्या दुकानाच्या पायरीवर बसायचो ते दुकानच दुसऱ्यात विलीन झालं. पहिले तीन महिने मलाही कुत्रं विचारत नव्हतं. तेव्हा बिडाला पैसे तरी पडत नव्हते इतके. आता एक कनेक्ट १५ सेंटला, आणि एकेका कामाला आठ, बारा, सोळा कनेक्ट्स. वर ‘बूस्ट’ नावाचा आणखी एक लिलाव, तुमचं बिड यादीत वर दिसावं म्हणून जास्तीचे कनेक्ट्स लावायचे. नव्या माणसाने बूस्टच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. हरलेल्या घोड्यावर दुप्पट पैसे लावल्यासारखं होतं.

ताई, एक करा. तुम्ही पाठवलेलं एखादं बिड इथे टाका. जसंच्या तसं. बाकी सगळं नंतर बोलू.

---

पिठलंभाकरी | ७ जून, सकाळी ९:०५

ते ‘हाय’ म्हणून गायब होणारे परत आले तर सावध राहा हो. माझ्या भावाला एका साइटवर (नाव घेत नाही) ‘१२० पानी पीडीएफचं टायपिंग, ९०० डॉलर’ असं काम मिळालं. मिळालं म्हणजे काय, लगेच टेलिग्रामवर या म्हणाले. तिथे कंपनीचं ओळखपत्र, शिक्का, सगळं झकास. भावाने चार रात्री जागून १२० पानं टाइप केली. मग म्हणाले, पैसे सुटायला ४,००० रुपये सिक्युरिटी डिपॉझिट भरा, परत मिळतील. भरले. मग ‘करन्सी चार्ज’ म्हणून आणखी ६,०००. तिथे त्याची ट्यूब पेटली. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे गेले ते गेलेच.

चीड कशाची येते सांगू? ती पानं त्यांनी उघडूनसुद्धा पाहिली नसणार.

---

रात्रपाळी | ७ जून, सकाळी ११:३०

अगदी. काम देणारा करार व्हायच्या आधी टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर बोलावतोय, किंवा तुमच्याकडून पैसे मागतोय, की तिथून उठायचं. साइटच्या नियमातही ते बसत नाही. आणखी एक प्रकार म्हणजे ‘तुमचं अकाउंट आम्हाला वापरायला द्या, महिन्याला इतके देतो’. चुकूनही देऊ नका. ओळख तुमची, पॅन तुमचं, निस्तरायचंही तुम्हीच.

आणि ताई, साधं टायपिंग आणि पीडीएफ-टू-वर्ड हे फसवणाऱ्यांचं आवडतं कुरण आहे. खरं काम त्यात फार थोडं उरलंय, ते मशीन करतं. त्या २६ पैकी २० बिडं तिथेच वाया गेली असणार.

---

शाईचं_बोट | ७ जून, रात्री ९:२०

वीस नाही, तेवीस. आत्ता मोजली.

बिड टाकते. भाच्याने चॅटजीपीटीकडून इंग्रजीत लिहून घेतलं होतं, त्याचा सारांश मराठीत देते, हसू नका:

‘आदरणीय नियोक्ता, आपली जाहिरात वाचून मला अत्यंत आनंद झाला. मी चौदा वर्षांचा समृद्ध अनुभव असलेली, मेहनती, वेळेची पक्की आणि बारकाव्यांकडे लक्ष देणारी व्यावसायिक आहे. मी आपले काम १०० टक्के अचूकतेने पूर्ण करीन याची खात्री देते. कृपया मला एक संधी द्यावी.’

सगळीकडे हेच पाठवलं.

---

हडसनकाठ | ८ जून, सकाळी ६:१० (इथे शुक्रवारची रात्र)

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा. न्यू जर्सीत छोटी कंपनी आहे, वर्षाला आठ-दहा कामं अपवर्कवरून करून घेतो. आम्हाला काय दिसतं ते सांगतो.

पोस्ट टाकली की चहा होईपर्यंत तीस अर्ज. यादीत प्रत्येकाचा फोटो, दर, आणि पत्राच्या पहिल्या दोन ओळी. बस. पुढचं वाचायला क्लिक करावं लागतं, आणि तीस जणांना कोण क्लिक करतो? तुमच्या पहिल्या दोन ओळीत ‘आदरणीय’ आणि ‘अत्यंत आनंद’ आहे. माझ्या त्रासाबद्दल एक शब्द नाही. बाकीच्या एकोणतीस जणांनाही अत्यंत आनंदच झालेला असतो.

दुसरं म्हणजे ३ डॉलर. तुम्हाला वाटतं स्वस्त दिसेल. मला वाटतं, चौदा वर्षांचा अनुभव आणि तीन डॉलर? काहीतरी गडबड आहे. मी सगळ्यात खालचे दर वाचतच नाही.

गेल्या वर्षी मी एका माणसाला काम दिलं, कारण त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘तुमच्या एक्सेलमध्ये तिसऱ्या शीटवर तारखा अमेरिकन पद्धतीने आहेत आणि चौथ्यावर ब्रिटिश, म्हणून बेरीज चुकतेय’. मी दोन दिवस त्या बेरजेपायी डोकं आपटत होतो. त्याचं प्रोफाइल रिकामं होतं, एकही रिव्ह्यू नव्हता. मला फरक पडला नाही.

---

रात्रपाळी | ८ जून, दुपारी १२:४५

हडसनकाठ, हे सोन्यासारखं लिहिलंत.

ताई, आता तुम्हाला प्रश्न. जगात लाखो लोक टायपिंग करतात. तुम्हाला असं काय येतं जे अमेरिकेतल्या किंवा फिलिपिन्सच्या डीटीपीवाल्याला येणारच नाही?

---

शाईचं_बोट | ८ जून, रात्री १०:३०

विचार केला दिवसभर. मराठी वाचता येतं, एवढंच!

---

रात्रपाळी | ८ जून, रात्री १०:४१

हो, तेच. ‘एवढंच’ काढून टाका आणि सर्च बॉक्समध्ये मराठी, हिंदी, देवनागरी, इनडिझाइन हे शब्द घाला. ‘डेटा एंट्री’ पुन्हा उघडायचं नाही.

काम उघडलं की उजवीकडे क्लायंटची माहिती असते ती आधी वाचायची. पेमेंट व्हेरिफाइड आहे का, आजवर किती खर्च केलाय, टाकलेल्या कामांपैकी किती खरंच दिली. खाली त्याला आधीच्या लोकांनी काय शेरे दिलेत तेही दिसतं. दहा पोस्टी टाकून एकही काम न दिलेला माणूस म्हणजे नुसता भाव विचारत फिरणारा. आपल्याकडे प्रेसमध्ये येतात ना, ‘हजार पत्रिकांचं किती?’ म्हणून, तसा.

---

विदर्भकन्या | ९ जून, सकाळी ८:२०

मी अनुवाद करते, अकोल्याहून. भर घालते: भाषेच्या कामाला प्रोझ नावाची जुनी साइट आहे, १९९९ पासूनची. तिथे ब्लू बोर्ड म्हणून सोय आहे, कोणती एजन्सी पैसे वेळेवर देते त्याचे शेरे वाचता येतात. अपवर्कपेक्षा तिथे एजन्स्या जास्त भेटतात.

आणि फुकट सॅम्पल मागतात तेव्हा जपून. दोनशे-अडीचशे शब्द ठीक. मला एकाने आठशे शब्दांचा ‘नमुना’ पाठवला, ओळखीच्या दोघींनाही पाठवला होता. तिघींचे ताडून पाहिले तर एकाच पुस्तिकेची सलग पानं! तिघींनी मिळून त्याचं सव्वा प्रकरण फुकटात केलं असतं.

---

उपवासाचा_साबुदाणा | १० जून, रात्री १:५८

ताशी कामाचं कोणी बोललं नाही अजून. त्यात आपल्या मशीनवर त्यांचं ॲप चालू ठेवावं लागतं, दर दहा मिनिटांच्या टप्प्यात एकदा कधीही स्क्रीनचा फोटो निघतो आणि क्लायंटला दिसतो. आज भारत-पाक सामना. मी कोड लिहीत होतो, खरंच लिहीत होतो, एक सेकंद स्कोअर बघायला टॅब उघडला आणि खट्! बुमरा गोलंदाजीला आलेला, तोच फोटो. डिलीट करता येतो, पण मग त्या दहा मिनिटांचे पैसेही जातात. केला डिलीट. सामना जिंकलो, दहा मिनिटं हरलो.

---

खवचट_खान | १० जून, सकाळी १०:००

घ्या. याला स्वातंत्र्य म्हणतात. आमच्या साहेबाला निदान केबिनमधून उठून यावं लागायचं.

---

शाईचं_बोट | १९ जून, रात्री १२:३५

मंडळी, झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

दहा दिवसांत फक्त चार बिडं टाकली. तीन वाया. चौथं असं: इंग्लंडमधली एक छोटी अनुवाद एजन्सी, २४ पानी आरोग्य-पुस्तिका, मराठी मजकूर तयार आहे पण ‘इनडिझाइनमध्ये अक्षरं विचित्र दिसतात, आमच्यात कोणालाच वाचता येत नाही’. सोबत दोन पानांची पीडीएफ. उघडली आणि हसूच आलं. ‘दिनांक’ मधली वेलांटी द च्या पुढे जाऊन एकटीच उभी. ‘मार्गदर्शन’ मधले दोन्ही रफार खाली उतरलेले, र चा पाय मोडून ठेवलेला. नव्या मुलाने युनिकोडचं मॅटर इनडिझाइनमध्ये ओतलं की आमच्याकडेही पहिल्या दिवशी हेच होतं. परिच्छेदाचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) साधा राहिलेला असतो, तो वर्ल्ड-रेडी करायचा, मग जोडाक्षरं जागेवर बसतात.

पण मग नीट वाचलं तर आणखी एक दिसलं. ‘औषध घेणार्या रुग्णांनी’ असं होतं, य वर रफार देऊन. ‘घेणाऱ्या’ हवं. ते कंपोझर बदलून सुधारत नाही, ती टायपिंगचीच चूक. २४ पानांत किती असतील!

यावेळी आदरणीय-बिदरणीय काही नाही. पहिली ओळ: ‘तुमच्या फाइलमध्ये दोन वेगळ्या चुका आहेत. एक सेटिंगची, ती पाच मिनिटांत सुटेल. दुसरी मजकुरातली, ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसेल.’ आणि पहिल्या पानाच्या एका परिच्छेदाचं आधीचं-नंतरचं चित्र शेजारी शेजारी लावून, चुकांना लाल गोल करून जोडलं. प्रुफावर करतो तसे. इंग्रजी माझं मोडकं होतं, भाच्याला फक्त स्पेलिंग बघायला सांगितलं. दर लिहिला ८० डॉलर. लिहिताना हात थरथरला, खोटं नाही सांगत. सांगलीत पानाला पन्नास रुपये मिळाले तरी डोक्यावरून पाणी.

आत्ता उत्तर आलं. ‘सोमवारपर्यंत होईल का?’ इतकंच. घासाघीस नाही.

---

रात्रपाळी | १९ जून, रात्री १२:५०

जियो!! पण थांबा, कामाला हात लावू नका अजून. फिक्स्ड प्राइस आहे ना? करार स्वीकारा आणि माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या टप्प्याचे, पैसे एस्क्रोमध्ये (साइटच्या ताब्यात) भरलेत असं स्क्रीनवर दिसतंय का बघा. ‘फंडेड’ दिसल्याशिवाय एक काना हलवायचा नाही. काम झालं की नुसतं चॅटमध्ये फाइल चिकटवू नका, ‘सबमिट’चं बटण दाबूनच द्या. मग क्लायंट १४ दिवस गप्प बसला तरी पैसे आपोआप सुटतात. चॅटमध्ये दिलं तर ते घड्याळ सुरूच होत नाही.

---

हडसनकाठ | १९ जून, पहाटे ४:०५

आणि काय बदललं ते तीन ओळींत लिहून द्या. आम्हाला न वाचता येणाऱ्या भाषेत पैसे मोजताना तेवढाच आधार असतो.

---

नवखा_नंदू | २१ जून, दुपारी ३:३०

मी नुकताच बीएस्सी झालोय. फ्रीलान्सर डॉट कॉम कसं आहे? तिथे १० डॉलरचं काम मिळतंय.

---

रात्रपाळी | २१ जून, रात्री ११:१०

नंदू, तिथली फी आधी समजून घे. १० टक्के किंवा ५ डॉलर, जे जास्त असेल ते, आणि ती काम स्वीकारताच लागते, पैसे मिळाल्यावर नव्हे. १० डॉलरच्या कामात ५ गेले. क्लायंटने माइलस्टोन केला आहे का हे बघून मगच ‘ॲक्सेप्ट’. फायव्हर २० टक्के घेतं, पण तिथे बिड टाकायचं नसतं, आपली पाटी लावून बसायचं. तुझ्याकडे दाखवण्यासारखं काही तयार असेल तर ते जमेल.

---

शाईचं_बोट | ४ जुलै, रात्री ९:४५

अपडेट द्यायला उशीर झाला, प्रेसमध्ये शाळेच्या वह्यांचं काम आलं होतं.

शनिवारी रात्रीच काम दिलं. ‘ऱ्या’ च्या एकूण एकोणीस चुका निघाल्या. हडसनकाठ म्हणाले तसं तीन ओळींचं टिपण जोडलं. पाच दिवसांनी मंजूर झालं, मग आणखी पाच दिवस पैसे ‘पेंडिंग’ (या पाच दिवसांत मी ते पान किती वेळा उघडलं विचारू नका). ८० मधून १० टक्के त्यांची फी, त्या फीवर १८ टक्के जीएसटी, बँकेत पाठवायचे ९९ सेंट. हातात ७० च्याही आत. पण कनेक्ट्सचे साडेतीन हजार वजा करूनही वर उरले. आता घरी आकडा सांगितला, दोन्ही आकडे.

पाच चांदण्या मिळाल्या. आता इन्कम टॅक्सचं काय करायचं असतं?

---

उधारवही | ५ जुलै, सकाळी ११:००

सीए आहे, थोडक्यात सांगतो. उत्पन्न बाहेरून आलं तरी तुम्ही इथे राहता, त्यामुळे ते तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायचंच. जो तो इंटरनेटवर ४४एडीए सांगतो, निम्मं उत्पन्न नफा धरायचं म्हणून. ते कलम ठरावीक पेशांसाठी आहे. डीटीपी त्यात बसेलच असं नाही. छोट्या धंद्याचं ४४एडी तुम्हाला लागू पडतं का ते तुमच्या तिथल्या सीएला विचारा, फी देऊन विचारा. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर सक्तीची नाही. साइटने भरून घेतलेला डब्ल्यू-८बेन फॉर्म घाबरण्यासारखा नाही, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही एवढंच त्यात लिहून देता. प्रत्येक वेळी आलेल्या पैशांचं स्टेटमेंट डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये ठेवा. मार्च अखेरीस माझ्यासारख्याचे प्राण वाचतात.

---

शाईचं_बोट | ११ जुलै, रात्री १०:२०

त्याच एजन्सीचा मेसेज आलाय. तीच पुस्तिका गुजरातीत झाली आहे, अक्षरं तशीच मोडलीत. मांडणी मी करू शकते, कंपोझरचं दुखणं तेच आहे. पण गुजराती मला वाचता येत नाही, मजकुरातल्या चुका कशा दिसणार? खोटं बोलून घ्यायचं नाहीये. तसं त्यांना कळवलंय, तर म्हणतात वाचणारं माणूस तुम्हीच शोधा, बजेट वाढवतो.

इथे कोणी गुजराती नीट वाचणारं आहे का? २४ पानांचं प्रूफ, चार दिवसांत. किती घ्याल ते सांगा.

---

बडोद्याची_मावशी | ११ जुलै, रात्री १०:३३

मी आहे. जन्म बडोद्याचा, शाळा गुजराती, घरी मराठी, नवऱ्याशी दोन्हीत भांडते. आदरणीय नियोक्ता, आपली जाहिरात वाचून मला अत्यंत आनंद झाला.

---

खवचट_खान | ११ जुलै, रात्री १०:४०

मावशी, कनेक्ट्स किती लावलेत?